गोव्यातल्या चिकणमातीवर कुत्र्यांसाठी टर्फ घालताना

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: म्हापशाजवळ घर, मागचं अंगण २० बाय २५ फूट, माती लाल आणि चिकट. एक लॅब्रॅडॉर आणि एक गावठी, दोन्ही साधारण २५ किलोचे. जून लागला की अंगणाचा चिखल होतो आणि तो पंजांबरोबर घरभर फिरतो. एक कंत्राटदार म्हणतो, माती सपाट करून क्रशरची डस्ट, म्हणजे दगडाची भुकटी, पसरू आणि वर ३५ मिलिमीटरचं टर्फ, म्हणजे कृत्रिम गवत, टाकू. दुसरा म्हणतो, खाली पीसीसी, म्हणजे सळ्यांशिवायचं साधं काँक्रीट, केल्याशिवाय टर्फ टिकणार नाही. बरोबर कोण, आणि वास येईल का?

दोघंही टर्फ कशावर पसरायचं तेवढंच सांगताहेत. टर्फमधून खाली उतरलेलं पाणी पुढे कुठे जाणार, हे दोघांनीही सांगितलेलं दिसत नाही. चिकणमातीवर सगळं काम त्याच एका प्रश्नावर अवलंबून असतं, आणि गोव्यात तो वर्षातून दोनदा, दोन वेगळ्या रूपांत समोर येतो.

किनारपट्टीच्या भागात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. तुमचं अंगण ४६ चौरस मीटरचं आहे. दिवसात १०० मिलिमीटर पडला तर एवढ्याशा जागेवर ४६०० लिटर पाणी येतं. त्यात छपराची पागोळी अंगणातच पडत असेल तर हा आकडा सहज दुप्पट होतो. ऑक्टोबर ते मे मात्र उलट प्रकार: वरून पाणी नाही, मूत रोज. निरोगी कुत्रा दिवसाला वजनाच्या किलोमागे २० ते ४० मिलिलिटर लघवी करतो. म्हणजे तुमच्या दोघांची मिळून रोज एक ते दोन लिटर, आठ महिन्यांत अडीचशे ते पाचशे लिटर. ती धुऊन न्यायला पाऊस नसतो. लोक पावसाळ्याच्या धास्तीनं काम करून घेतात आणि तक्रार करतात ती जानेवारीनंतर येणाऱ्या वासाची. तळ दोन्हींसाठी बांधावा लागतो.

आधी माती बघा, कारण पुढचं बरंच तिच्यावर ठरतं. ओल्या मातीचा गोळा घेऊन तळहातावर पेन्सिलीएवढी वळी करा. तिचं कडं न मोडता वळलं तर ती चिकणमाती. मग ३० सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर खोल खड्डा घ्या, पाण्यानं भरा, रात्रभर मुरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून तासाला पाणी किती उतरतं ते पट्टीनं मोजा. तासाला १५ मिलिमीटरपेक्षा कमी उतरत असेल तर जमीन पाणी पिईल ही आशा सोडून द्या. ही चाचणी एप्रिलमध्ये केली तर फसवते, कारण तापलेली, भेगाळलेली माती पहिल्या दिवशी बरंच पाणी पिऊन घेते. म्हणून रात्रभर भिजवणं टाळू नका. जुलैमध्ये त्याच जागी फूटभर खणल्यावर पाणी लागतं का, हे शेजारपाजारी विचारून घ्या.

गोव्यात चिकणमाती म्हणजे एकच माती नव्हे. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या पठारावर, घर असेल तर वीतभर मातीखाली चिरा, म्हणजे जांभा दगड, लागतो आणि तो पाणी बऱ्यापैकी खाली सोडतो. तिथे काम सोपं. उतारावर आणि उतारांच्या पायथ्याशी चिऱ्याच्या थराखालची पिवळट-पांढरी, साबणासारखी माती वर आलेली असते. ती पाणी जवळजवळ सोडतच नाही. लाल चिकणमाती या दोहोंच्या मधली. ती देशावरच्या काळ्या मातीसारखी पावसात फुगून उन्हात फाटत नाही, त्यामुळे काळ्या मातीसाठी सांगितलेला दीड-दोन फुटांचा भराव इथे लागत नाही. खाजन जमिनीच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून मिळवलेल्या सखल जमिनीच्या, कडेची माती मात्र वेगळीच. ती मऊ, कायम ओली आणि खारी असते. तिच्यावर खडी टाकली तर खडीच खाली बसत जाते. तुमच्या वर्णनावरून माती लाल चिकट वाटते, म्हणून पुढचं सगळं तिच्यासाठी लिहितो.

दुसरी गोष्ट म्हणजे पाण्याला बाहेर जायची वाट. अंगणाच्या सर्वांत खालच्या कडेपासून निदान ५० ते ६० सेंटिमीटर खाली पाणी सोडायला जागा आहे का? रस्त्याकडेचं गटार, माडांचं आळं, केळीचा वाफा, उताराची परसबाग, यांपैकी काहीही चालेल. पंचायतीच्या गटाराला पाइप जोडायचा तर आधी पंचायतीला विचारा. अशी जागाच नसेल, अंगण चहूबाजूंनी खोलगट असेल, तर मी टर्फ घालू नका असंच सांगेन. तिथे आधी अंगण उंच करणं भाग आहे. शोषखड्ड्यावर विसंबू नका. चिकणमातीत तो जूनच्या शेवटी भरतो आणि ऑगस्ट संपेपर्यंत भरलेलाच राहतो. शिवाय तुमच्याकडे विहीर असेल तर हे पाणी विहिरीपासून किमान १५ मीटर लांब आणि तिच्या उताराच्या खालच्या बाजूला गेलं पाहिजे. कुत्र्यांचं मूत मुरलेलं पाणी पिण्याच्या विहिरीत झिरपणं ही चिखलापेक्षा कितीतरी मोठी अडचण आहे.

आता डस्ट का नको. क्रशरची डस्ट दाबली की घट्ट बसते, पाय ठेवला की सपाट आणि पक्की वाटते, म्हणून गवंड्यांना ती आवडते. माणसांच्या लॉनखाली ती चालूनही जाते. पण तिच्यात पिठासारखे बारीक कण भरपूर असतात. ते पाणी धरून ठेवतात आणि पाण्याबरोबर मूतही. मुतातल्या युरियाचं जिवाणू अमोनियात रूपांतर करतात आणि ऊब व ओल मिळाली की ते काम झपाट्यानं होतं. दमट गोव्यात दोन्ही वर्षभर हजर. युरिक अॅसिडचे खडे साचतात म्हणून वास येतो असं सर्रास वाचायला मिळतं, पण बहुतेक कुत्र्यांच्या मुतात युरिक अॅसिड फारच थोडं असतं. डाल्मेशियन ही ठळक अपवाद असलेली जात. तुमच्या दोघांच्या बाबतीत वैरी एकच, अमोनिया. आणि तो वरच्या धाग्यांपेक्षा खालच्या ओल्या थरात जास्त तयार होतो. म्हणून कुत्र्यांच्या टर्फखाली बारीक कण असलेली कुठलीच वस्तू नको: डस्ट नको, मुरूम नको, वाळूही नको. समुद्रावरची वाळू तर दोन कारणांनी नको. ती काढायला कायद्यानं बंदी आहे आणि तिच्यातलं मीठ हवेतली ओल खेचत राहतं.

पीसीसी वाईट नाही, अपुरं आहे. काँक्रीटवर टर्फ सपाट टेकलं की त्याची भोकं खालून बंद होतात आणि मधे पाण्याचा पातळ थर अडकून राहतो. त्यात काँक्रीट स्वतः मूत शोषतं. पीसीसीच करायचं असेल तर ६० ला १ असा उतार, वर सीलरचा लेप, त्यावर २० मिलिमीटर उंचीचे प्लॅस्टिकचे ड्रेनेज सेल, म्हणजे खालून पाणी वाहू देणाऱ्या जाळ्या, मग टर्फ, आणि खालच्या कडेला उघडी पन्हळ, एवढं सगळं हवं. घराच्या बाजूची चिंचोळी बोळ असेल तर मी हाच पर्याय निवडेन. ४६ चौरस मीटरच्या मोकळ्या अंगणाला मात्र धुतलेल्या खडीचा तळ बरा. खर्च कमी येतो, दुरुस्तीला उघडता येतो, आणि उद्या विचार बदललाच तर अंगण काँक्रीटखाली गेलेलं नसतं.

काम नोव्हेंबर ते मार्चमध्ये काढा. माती किंचित ओली असताना ती नीट खणली जाते. मेमध्ये पिकास उडतो आणि पावसात फावड्यानं ती लोण्यासारखी सारवली जाते, मग तिची उरलीसुरली छिद्रंही बुजतात. ओल्या चिकणमातीवर धुमस किंवा मशीन कधीच चालवू नका. आणि तिच्यात थोडी वाळू मिसळून ती भुसभुशीत करायचा खटाटोप करू नका. थोड्या वाळूनं चिकणमाती आणखी घट्ट होते.

खोदाई १३ सेंटिमीटर करा. साधारण ६ घनमीटर माती निघते. सुटी झाली की ती साडेसात-आठ घनमीटर भरते, तेव्हा ती कुठे टाकायची हे आधी ठरवा. घराच्या जोत्यापासून ३० सेंटिमीटर जागा सोडा. जुन्या चिऱ्याच्या भिंती ओल शोषतात, त्यांना टर्फचा तळ टेकवू नका. आंबा-फणसाची मोठी मुळं तोडू नका. माडाच्या बुंध्याभोवती दोन मीटरपर्यंत टर्फ नेऊ नका, तिथे मुळांचं जाळं दाट असतं आणि वरून पडणारा नारळ-झावळ टर्फ फाडते ते वेगळंच.

यानंतरची पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि बहुतेक ठिकाणी हीच चुकते. उतार खालच्या मातीला द्यायचा असतो. वरच्या खडीला उतार आणि खाली मातीत खळगे, असं झालं तर प्रत्येक खळगा मुताची वाटी होऊन बसतो. उतार ७० ला १ ठेवा, म्हणजे तुमच्या साडेसात मीटर लांबीला अकरा सेंटिमीटर, घरापासून लांब जाणारा. लेव्हल पाइपनं दर दोन मीटरवर खुंट्या मारून घ्या आणि अॅल्युमिनियमची लांब पट्टी फिरवून बघा. खळगा सापडला तर तो मातीनं भरू नका. भोवतालची उंच माती खरवडून काढा. भरलेली माती पहिल्या पावसात बसते.

खालच्या २० फुटी कडेला, आतल्या बाजूनं, ३० सेंटिमीटर रुंद आणि तळापासून ४० सेंटिमीटर खोल चर खणा. चराला १०० ला १ उतार, बाहेरच्या वाटेकडे. आता २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचं) न विणलेलं, फेल्टसारखं जिओटेक्स्टाइल सगळ्या मातीवर आणि चराच्या आतून अंथरा, जोडावर ३० सेंटिमीटर एकावर एक. साधारण ६५ चौरस मीटर लागेल. हे कापड नसेल तर पावसाळ्यात पायांच्या दाबानं चिकणमाती खडीत वर चढते आणि दोन-तीन वर्षांत खडीचा चिखल होतो. ताडपत्री हा त्याला पर्याय नाही. आणि कापड फक्त माती आणि खडीच्या मधेच. काहीजण आणखी एक थर टर्फच्या लगेच खाली घालतात. कुत्र्यांच्या अंगणात तिथे केस, विष्ठेचे कण आणि बुळबुळीत चिकटा साचतो, आणि तोच थर पुढे वासाचं मूळ बनतो.

चरात ५ सेंटिमीटर खडी, तिच्यावर ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप. त्याला खालच्या बाजूला दोन ओळींत ८ ते १० मिलिमीटरची भोकं पाडून घ्या आणि भोकं खालीच ठेवा. वर असली तर चरातलं पाणी भोकांपर्यंत चढल्याशिवाय पाइपात येत नाही, आणि गाळही जास्त आत पडतो. पाइपला वेगळं कापड गुंडाळू नका, चराला आहे तेवढं पुरे. पाइपचं वरचं टोक वळवून जमिनीलगत झाकणासह उघडं ठेवा, म्हणजे वर्षातून एकदा त्यात नळी घालून तो धुता येतो. बाहेरच्या टोकाला स्टीलची जाळी हवीच. उंदीर आत शिरतात आणि त्यांच्यामागे साप येतात. कुत्री मग त्या तोंडापाशी रात्रभर उकरत बसतात.

त्यावर २० मिलिमीटरची एकसारखी, धुतलेली खडी १० सेंटिमीटर. क्रशरवरून येणारी खडी धुळीनं माखलेली असते. गाडी उतरवली की ढिगावर नळी धरा आणि निथळणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत धुवा. हे कंटाळवाणं काम कोणी स्वतःहून करत नाही, समोर उभं राहून करून घ्यावं लागतं. पाच-पाच सेंटिमीटरचे दोन थर करून प्रत्येकावर प्लेट कॉम्पॅक्टरचे दोन-तीन फेरे मारा. धुतलेली खडी डस्टसारखी घट्ट होत नाही, दगड एकमेकांत अडकून स्थिर झाले की झालं. चरासकट ही खडी साडेसहा घनमीटर मागवा. वर ६ ते १० मिलिमीटरची बारीक, तीही धुतलेली खडी ३ सेंटिमीटर, दीड घनमीटर. तिच्यावर पट्टी फिरवून पृष्ठभाग सारखा करा. पायाला जाणवणारा प्रत्येक खडा टर्फवरूनही जाणवेल.

टर्फ आणण्याआधी वरच्या कडेला बागेची नळी पूर्ण सोडून पंधरा मिनिटं थांबा. खालच्या पाइपातून पाणी येऊ लागलं पाहिजे आणि नळी बंद केल्यावर थोड्या वेळात धार तुटली पाहिजे. पाणी आलंच नाही किंवा तासभर ठिबकत राहिलं तर मातीत खळगा आहे. तो आत्ता शोधायला दोन तास लागतात, टर्फ चिकटवल्यावर दोन दिवस.

कडांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण कुत्री टर्फ उकरतात ती कडेलाच. नेहमीची पद्धत म्हणजे सहा इंची खिळे ठोकणं. पण सुट्या खडीत खिळा धरत नाही, लॅब्रॅडॉर तो एका दुपारी उपटेल. समुद्राच्या हवेत तो गंजून धारदार होतो हेही आहेच. लाकडी पट्ट्या लावल्या तर वाळवी लागते. म्हणून चारी बाजूंनी १० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर खोल काँक्रीटची पट्टी ओता, वरची पातळी बारीक खडीइतकी. तिच्या बाहेर चिऱ्याची ओळ बसवलीत तर दिसायलाही छान आणि टर्फची कापलेली कड झाकली जाते. टर्फ या पट्टीला पॉलियुरेथेन गोंदानं चिकटवा आणि दर १५ ते २० सेंटिमीटरवर प्लग घालून स्टेनलेस स्टीलचा स्क्रू आणि वॉशर मारा. खालच्या कडेची पट्टी चराच्या बाहेर येते, आत नाही. आत आली तर तीच बांध बनून पाणी अडवेल.

टर्फ निवडताना उंचीच्या मागे लागू नका. ३५-४० मिलिमीटरचं गवत दुकानात मऊ आणि दाट दिसतं, पण विष्ठा त्यात रुतते आणि केस गुंततात. कुत्र्यांसाठी २५ ते ३० मिलिमीटर पुरे. धागे पॉलिइथिलिनचे हवेत. खालची बाजू उलटून बघा: पूर्ण पाठीला काळा लॅटेक्स फासून मधे मधे भोकं पाडलेली असतील तर भोकांच्या मधलं मूत तिथेच राहतं. पाठ पूर्ण पाझरणारी असेल तर उत्तम. तपासायला दुकानात नमुन्यावर पेलाभर पाणी ओता. ते पसरत गेलं तर तो तुकडा परत ठेवा. पाझरणारी पाठ मिळालीच नाही तर भोकं जवळ जवळ, दहा सेंटिमीटरच्या आत असलेली तरी घ्या.

आता तुमच्या मापाचा हिशेब, कारण इथे पैसे वाचतात. आपल्याकडे रोल २ मीटर रुंद आणि २५ मीटर लांब येतो. तुमचं अंगण मीटरमध्ये ६.१० बाय ७.६२. तीन पट्ट्या शेजारी टाकल्या तर ६ मीटर भरतात आणि दहा सेंटिमीटरसाठी चौथी पट्टी कापावी लागते. शिवाय जोडाच्या ठिकाणी कारखान्याची कड दोन-तीन सेंटिमीटर कापून टाकायची असते, तेव्हा हातात ५.८५ मीटरच धरा. उरलेले २५ सेंटिमीटर एका बाजूला चिऱ्याची ओळ आणि बारीक खडीची पट्टी करून भरा. मग ७.७ मीटरच्या तीन पट्ट्या, एकूण २३.१ मीटर, एका रोलमध्ये बसतात आणि जोड दोनच येतात. पट्ट्या उताराच्या दिशेनंच जातात, म्हणजे पाणी जोडाला आडवं येत नाही. तिन्ही पट्ट्यांच्या धाग्यांचा कल एकाच बाजूला, शक्यतो घराकडे ठेवा. रोल उलगडून दोन-तीन तास उन्हात पडू द्या, मगच कापा. कापताना सुरी पाठीमागून, टाक्यांच्या दोन ओळींच्या मधून चालवा.

जोडाखाली ३० सेंटिमीटर रुंद टेप, सोळा मीटर, आणि त्यावर पॉलियुरेथेन गोंद मीटरला साधारण ४०० ग्रॅम. पाण्यात विरघळणारा गोंद पहिल्या जुलैत सुटतो. गोंद लावताना टेप कोरडी हवी, म्हणून सकाळचं दव वाळल्यावर सुरुवात करा. दोन पट्ट्यांमधलं अंतर टाक्यांच्या दोन ओळींमधल्या अंतराएवढंच ठेवा. जास्त असेल तर चीर दिसते आणि कुत्रं तिथूनच नख घालतं. वर चोवीस तास वजनं ठेवा आणि त्या दोन दिवसांत कुत्र्यांना बाहेर सोडू नका.

टर्फच्या धाग्यांमधे भरायचा भराव म्हणून सिलिका वाळूऐवजी झिओलाइट हे सच्छिद्र खनिज घ्या, १ ते ३ मिलिमीटर दाण्याचं, चौरस मीटरला ५ किलो. तुम्हाला २५ किलोची नऊ पोती लागतील. ताठ ब्रशनं धाग्यांच्या कलाविरुद्ध झाडत दोन-तीन फेऱ्यांत पसरा. झिओलाइट अमोनियम स्वतःकडे धरून ठेवतं, त्यामुळे वास कमी येतो, पण त्याची क्षमता संपते. रोज धुतल्याशिवाय ते चमत्कार करत नाही. कुत्री ज्या कोपऱ्यात जातात तिथलं वर्षा-दोन वर्षांनी काढून नवीन भरावं. नारळाचा काथ्या किंवा कॉर्कचा भराव गोव्यात नको, पावसाळ्यात त्याला बुरशी येते.

वासाबद्दलचं खरं उत्तर असं की तळ असा बांधलात तर वास आटोक्यात राहतो, पण पाणी टाकावंच लागतं. विष्ठा लगेच उचला. मुताच्या जागेवर रोज एक-दोन बादल्या ओता आणि त्या हळूहळू ओता, म्हणजे पाणी पसरण्याऐवजी खाली उतरतं. कोरड्या महिन्यांत आठवड्याला एकदा सगळं टर्फ चौरस मीटरला पाच लिटरच्या हिशेबानं, म्हणजे तुमच्याकडे सव्वादोनशे लिटर पाण्यानं धुवा. एप्रिल-मेमध्ये नळाला पाणी कमी येतं, टँकरवर वेळ येते, तेव्हा हे जड जातं. त्यासाठी सुरुवातीपासून कुत्र्यांना चराजवळच्या खालच्या कोपऱ्यात जायची सवय लावा. दोन बाय तीन मीटरचा तो कोपरा तेवढा रोज धुतला तरी बरंच भागतं, आणि मूत सगळा तळ ओलांडण्याऐवजी थेट पाइपात जातं. पंधरा दिवसांतून एकदा तिथे एन्झाइमचं क्लीनर मारा, संध्याकाळी, म्हणजे ते लगेच वाळत नाही. ब्लीच कधीच नको. ब्लीच आणि अमोनिया एकत्र आले की विषारी क्लोरामिन वायू तयार होतो. फिनाइलही नको, कुत्री पंजे चाटतात.

पावसाळ्यात धुण्याचं काम आकाशावर सोडता येतं, पण शेवाळाकडे लक्ष ठेवा. सावलीच्या बाजूला आठवड्याला ब्रश फिरवा. टर्फ वाचवायला वर ताडपत्री घालू नका, खाली सगळं कुबट होतं. छपराला पन्हळ लावून पागोळीचं पाणी वेगळ्या पाइपनं बाहेर काढा, ते टर्फच्या पाइपात सोडू नका. कुठेही पाणी साचून राहिलं तर ते त्याच दिवशी मोकळं करा. साचलेल्या, मुतानं दूषित पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस कुत्र्यांना आणि माणसांना, दोघांनाही होतो. पावसाळ्याआधी पशुवैद्याकडून दोघांची ती लस झाली आहे का ते बघून घ्या.

उन्हाळ्यात भर दुपारी कृत्रिम गवत ६० अंशांच्या पुढे तापतं. हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवता आली नाही तर पंजेही भाजतील. पाणी मारल्यावर थोडा वेळच गार राहतं. निदान एक तृतीयांश जागेवर शेडनेट किंवा झाडाची सावली हवी आणि एप्रिल-मेमध्ये बारा ते चार कुत्री आत ठेवा. दिवाळीच्या पहाटे वाड्यावर नरकासुराचा पुतळा जळतो तेव्हा वाऱ्याच्या दिशेला असाल तर आदल्या रात्री टर्फ भिजवून ठेवा. एक ठिणगी नाण्याएवढं भोक पाडते आणि ते बुजवायला तुकडाच बदलावा लागतो. म्हणून उरलेला रोल टाकून देऊ नका. तुमच्याकडे जवळपास दोन मीटर उरेल, तो माळ्यावर गुंडाळून ठेवा.

हे सगळं बजेटच्या बाहेर जातंय असं वाटलं तर खडी, चर किंवा कडेची पट्टी यांना कात्री लावू नका, टर्फचं क्षेत्र कमी करा. दोन पट्ट्या, मिळून चार मीटर रुंद, मधे एकच जोड, कुत्र्यांना पुरेशा आहेत. उरलेल्या दोन मीटरमध्ये चिरे अंथरा, सांध्यांत बारीक खडी भरा आणि त्यांचाही उतार त्याच चराकडे द्या. खालचा चर आणि पाइप आजच पूर्ण २० फुटांचा घालून ठेवलात तर पुढे कधी तिसरी पट्टी वाढवायची झाली तर फक्त चिरे उचलून तेवढा तळ करावा लागेल.